गाडीतला वाटाड्या

(दृश्य : रात्र. गाडीच्या दिव्यांत दिसणारा डांबरी रस्ता. थोड्याच अंतरावर तो पाण्याखाली जातो.)

जानेवारी २०२१. कळसूबाईच्या चढाईसाठी पुण्याकडून निघालेली एक मोटार मध्यरात्रीनंतर अकोले तालुक्यात, कोतूळच्या बाजूला पोहोचली आणि फोनवरच्या नकाशाने सुचवलेल्या जवळच्या रस्त्याला लागली. त्या वाटेवरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्यात वर्षातले अनेक महिने बुडालेला असतो. आसपासच्या गावांतल्या लोकांना हे ठाऊक होते, नकाशाला नव्हते. गाडी सरळ पाण्यात गेली. सोबतचे प्रवासी बाहेर पडू शकले; चालकाचा बुडून मृत्यू झाला.

या घटनेनंतर नकाशा चुकला असे म्हटले गेले. बारकाईने पाहिले तर नकाशातला रस्ता खरा होता आणि पूलही खरा होता. त्या दिवशी त्यावर पाणी होते, एवढीच माहिती त्यात नव्हती. म्हणून गाडी चालवताना कोणते ॲप वापरावे हा प्रश्न रंगसंगतीचा किंवा आवाजाच्या गोडव्याचा नाही. त्या ॲपला रस्त्याची आजची खबर कोण देते, आणि खबर नसेल तेव्हा ते काय करते, हे आधी पाहावे लागते.

(दृश्य : घाटातले वळण. फोनच्या पडद्यावर करड्या पार्श्वभूमीवर सरकणारा निळा ठिपका.)

फोनला स्वतःची जागा कळण्यासाठी इंटरनेट लागत नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संकेत मिळाले की तेवढे पुरते. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र उतरवायला, वाहतुकीची स्थिती समजायला आणि वाट चुकल्यावर नवी वाट मागायला. म्हणूनच ताम्हिणीत रेंज गेली की ठिपका इमानाने पुढे सरकत राहतो, पण त्याच्याखालचा रस्ता गायब झालेला असतो.

वाहतुकीची स्थिती कळते ती रस्त्यावरच्या इतर फोनांवरून. ते किती वेगाने सरकत आहेत यावरून रेषा हिरवी, केशरी किंवा लाल होते. २०२० मध्ये बर्लिनमधल्या एका कलावंताने हातगाडीत ९९ फोन भरून ती रिकाम्या रस्त्यांवरून ओढली, आणि गूगल मॅप्सने तिथे कोंडी दाखवली. लोक या प्रयोगाला हसले. मात्र त्याची उलटी बाजू आपल्याकडे जास्त महत्त्वाची आहे. ज्या रस्त्याने कोणी जातच नाही तिथून खबरही येत नाही, आणि खबर नसणे हे पडद्यावर अडथळा नसण्यासारखेच दिसते. मध्यरात्री ओस पडलेला रस्ता आणि बंद झालेला रस्ता यांतला फरक अशा वेळी यंत्राला सांगणार कोण?

आता ॲपांकडे वळू. ज्याच्याकडे सर्वाधिक फोन, त्याच्याकडे सर्वाधिक खबर, हा सरळ हिशेब असल्यामुळे मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आणि द्रुतगती मार्गावर गूगल मॅप्सला तोड मिळणे कठीण आहे. त्याची खोड वेगळी आहे. चार मिनिटे वाचत असतील तर ते चांगला राज्यमार्ग सोडून गाडीला गावाच्या आतल्या बोळात घालते, जिथे समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला की अर्धा तास जातो. अरुंद रस्ते टाळण्याची सोय जुलै २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा ती देशातल्या आठ शहरांपुरती होती, आणि त्यांत महाराष्ट्रातले एकही नव्हते. वेझ हे ॲप २०१३ पासून गूगलच्याच मालकीचे आहे. त्याची मदार चालकांनी स्वतः कळवलेल्या अपघातांवर आणि अडथळ्यांवर असते, त्यामुळे जिथे वापरणारेच थोडे तिथे त्याचा विशेष उपयोग होत नाही.

मॅपल्स हे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या मॅप माय इंडिया या भारतीय कंपनीचे ॲप. पुढचा गतिरोधक, खड्डा, धोक्याचे वळण यांची सूचना ते आधी देते आणि मोठ्या चौकात कोणत्या मार्गिकेत असावे ते चित्र काढून दाखवते. रंग न मारलेला गतिरोधक ज्याने एकदा अंधारात उडवला आहे त्याला या सूचनेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

(दृश्य : बेलापूरची खाडी, वरून जाणारा पूल, खाली जेटीकडे जाणारा रस्ता.)

चौकाचे ते चित्र का हवे, याचे उत्तर या जागेवर मिळते. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला पुलावर चढण्याऐवजी पुलाखालचा रस्ता धरलेली एक मोटार जेटीवरून थेट खाडीत पडली. सागरी पोलिसांनी चालक महिलेला वाचवले. सपाट नकाशावर पूल आणि त्याखालचा रस्ता जवळजवळ एकावर एक येतात, आणि फोनचा अंदाज काही मीटरनी इकडेतिकडे झाला तरी दोन्हींमधला भेद पुसला जातो.

चौथा पर्याय ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड यांचा. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपन स्ट्रीट मॅप या स्वयंसेवकांच्या नकाशावर ते चालतात. महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर एकदा उतरवून घेतला की रेंज नसतानाही ते नवी वाट काढून देतात. ऑर्गॅनिक मॅप्समध्ये वाहतूक कोंडीची खबर नसते, आणि नकाशाचा दर्जा त्या त्या तालुक्यात कोणा हौशी माणसाने किती राबून तपशील भरले यावर ठरतो. गूगल मॅप्समध्येही परिसर उतरवून ठेवता येतो. मात्र तो अधूनमधून ताजा करावा लागतो आणि रेंज नसताना कोंडी कळत नाही.

आमचे मत असे की शहरात रोज गाडी चालवणाऱ्याला गूगल मॅप्स पुरेसे आहे. गणपतीला कोकणात उतरणाऱ्याने मात्र जोडीला उतरवलेला नकाशा असलेले दुसरे ॲप ठेवावे. आणि कोणतेही ॲप पारखायचे तर ते अनोळखी रस्त्यावर नव्हे, आपल्या गावावर पारखावे. एसटी स्थानकापासून घरापर्यंत ते कोणत्या रस्त्याने नेते, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा फरशी पूल त्याला वर्ज्य वाटतो का, दोन वर्षांपूर्वी झालेला वळणरस्ता त्याला माहीत आहे का, हे पाच मिनिटांत कळते.

कायद्याचेही थोडे. ऑक्टोबर २०२० पासून लागू असलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडी चालवताना फोन मार्ग बघण्यासाठीच वापरता येतो, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणून फोन मांडीवर नको, धारकात हवा. पत्ता निघण्यापूर्वीच घालावा.

(दृश्य : भोर. पाऊस. महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आडवा लावलेला अडथळा.)

पुण्याहून महाडला जाताना भोरवरून वरंध घाटाची वाट मोहक दिसते. दरडींच्या भीतीने प्रशासन अलीकडच्या पावसाळ्यांत हा घाट बंद ठेवत आले आहे. असा आदेश आधी वर्तमानपत्रात छापून येतो, नाक्यावरच्या चहावाल्याला कळतो. ॲपमध्ये तो कधी पोहोचेल याचा नेम नसतो. भोरला येऊन हे समजले तर ताम्हिणीने माणगावला उतरण्यासाठी पुन्हा पुण्याच्या दिशेने मागे फिरावे लागते. चौकशीचा फोन करायचा तर तो पुणे सोडण्याआधी, महाडच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला.