फॉरवर्डची उलटी वाट

प्रवेशाच्या दिवसांत दरवर्षी एखादे पालक विचारतातच, "मॅडम, पोरगी तशीही दिवसभर मोबाइलमध्येच असते. आता त्याची फीसुद्धा भरायची?" मी हसते, पण प्रश्न रास्त आहे. नवमाध्यमं, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपसारखी माध्यमं, शिकून पोरं नेमकं काय शिकतात, हे आज बोलायचंय. तेव्हा त्या पालकांना उभ्या उभ्या दिलेलं उत्तर इथे जरा बसून देते.

पहिल्या दिवशी वर्गाला वाटत असतं की इथे खरं-खोटं तपासायला शिकवणार. मी आधी बटणं बघायला लावते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर एकीनं फेसबुकवर नाराजी लिहिली होती. दुसरीनं ती पोस्ट लाइक केली होती. आता लाइक म्हणजे काय? पसंती, पाठिंबा, की नुसतं 'वाचलं गं' एवढंच? फेसबुकनं ते बटण २००९ मध्ये आणलं, तेव्हा त्याचा अर्थ पोलीस ठाण्यात लावला जाईल हे कुणाच्या ध्यानीमनी नसणार. पुढे श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन मजकुरावरून अशी अटक करू देणारं ६६ अ कलमच रद्द केलं. या प्रकरणावर वर्गात वाद रंगतो, मुलं हिरिरीनं बोलतात.

राईनपाड्याला आलो की वर्ग गप्प होतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षुकीवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले होते. मुलं पळवणारी टोळी आलीय, ही अफवा त्या पट्ट्यात मोबाइलवरून आधीच फिरत होती. संशय आला, गर्दी जमली, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत त्या पाचही जणांना ठेचून मारलं. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयानं गर्दीच्या तावडीत सापडलेल्या माणसांना पोलिसांनी कसंबसं सोडवलं.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत मी वर्गात दाखवते. मोटारसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि पसार होतात. मग मूळ फीत लावते. ती कराचीत बनलेली, पालकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात. मूळ फितीत तेच दोघं वळून परत येतात, पोराला सोडतात आणि फलक उघडून दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी उडवला. फितीत बाहेरचं काही घातलेलं नाही, नुसती कात्री चालवलीय. त्यानंतर मुलं कुठलीही क्लिप बघताना आधी 'पुढे काय होतं?' विचारू लागतात. वर्षभरात एवढी एक सवय लागली तरी माझा पगार वसूल.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कंपनीच्या निवेदनांपेक्षा मला हे आकडे बोलके वाटतात. बटण किती मोकळं ठेवायचं, हे कुणीतरी ठरवत असतं.

एखादा चुणचुणीत मुलगा म्हणतो, "मॅडम, अफवा काय आजच्या आहेत? १९९५ च्या २१ सप्टेंबरला गणपती दूध प्यायले, तेव्हा कुठे होतं व्हॉट्सॲप?" बरोबर आहे. भांडी घेऊन देवळाबाहेर रांगा लागल्या होत्या आणि एका दिवसात बातमी परदेशापर्यंत पोचली होती. पण तेव्हा एसटीडीच्या मीटरकडे डोळा ठेवून बोलावं लागायचं, आणि 'तुला कुणी सांगितलं?' असं तिथल्या तिथे विचारता यायचं. आज चित्रफीत सख्ख्या मावशीकडून येते. मावशीला ती कुणी पाठवली, हे मात्र त्या फितीत दिसत नाही. विश्वास मावशीचा, मजकूर कुणाचाही.

म्हणून मी एक काम देते: घरच्या ग्रुपवरचा एक फॉरवर्ड घ्या आणि उलट्या वाटेनं चालत जा. तिसऱ्या-चौथ्या माणसापाशी बहुतेकांची वाट संपते. "आलं होतं कुठूनतरी." वरून बघायचीही सोय नाही. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे संदेश दोन टोकांच्या मध्ये कुणालाच वाचता येत नाहीत, आणि खाजगीपणासाठी ते योग्यच आहे. संशोधक मग ट्विटरकडे वळले, कारण तिथला माल, म्हणजे कोण काय लिहितं आणि पुढे पाठवतं याची नोंद, उघडा होता. गावाचा कारभार व्हॉट्सॲपवर आणि आमचे प्रबंध ट्विटरवर! २०२३ मध्ये तिथलाही फुकट माल बंद झाला. फेसबुकवर काय पसरतंय हे दाखवणारं क्राउडटँगल हे साधनही ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. तेव्हा आता पोरांना सांगते, उठा, वही घ्या आणि माणसांना जाऊन विचारा.

एक विद्यार्थिनी आजीपासून, तिनं ग्रुपवर टाकलेल्या मुलं पळवणाऱ्यांच्या फॉरवर्डपासून, सुरू झाली. प्रश्नावली छान टाइप करून नेली होती: 'पाठवण्यापूर्वी आपण खात्री करता का?' आजी म्हणाली, "खात्री कसली करायची? कुणाचं पोर वाचलं तर वाचलं." मुलीनं प्रश्नावली मिटून ठेवली आणि तिच्याशी गप्पा मारत बसली. तासाभरानं आजीनंच विचारलं, "बरं, हे नाही पाठवायचं. पण सकाळचं फुलाचं चित्र तरी पाठवू ना? नाही गेलं तर नाशिकची वन्सं फोन करते, आजारी आहेस का म्हणून."

मुलीनं वहीत ते उत्तर जसंच्या तसं उतरवलंय. पुढचं पान कोरं आहे, कारण नाशिकला जायचं अजून बाकी आहे.