दिव्याला पदर

मंडळी, आज दिव्याची अवस. चिंच आणि राख घेऊन सकाळपासून घरोघरी समया घासणं चाललं असेल. पंचांगात ही दीप अमावास्या, आषाढातली शेवटची तिथी. अलीकडे तिला दुसऱ्याच एका नावानं जास्त ओळखतात. त्यावर मी बोलणार नाही. बोललो तर मागच्या रांगेतली दोन-चार मंडळी आत्ताच उठून जातील.

मला बोलायचंय ते एका क्रियापदाबद्दल. विझणे.

आमचं घर माळवदाचं. भिंती हात-दीड हात जाड, आणि त्या भिंतींत दिवळ्या, म्हणजे दिवा ठेवायचे कोनाडे. लहानपणी एकदा वाऱ्याची झुळूक आली, दिवळीतला दिवा गेला आणि मी ओरडलो, "आज्जी, दिवा इझला!" पाठीत धपाटाच बसला. "इझला म्हणू नाई. दिवा शांत झाला म्हणावं." झोपायच्या वेळी ती कधी दिव्यावर फुंकर मारायची नाही. पदराचं टोक घ्यायची, हलकेच ज्योतीवरून फिरवायची आणि म्हणायची, "चल माय, दिव्याला पदर दिला."

पुढं शिक्षकी करताना कळलं, हे आज्जीचं खूळ नव्हतं, भाषेचंच वळण आहे. चूल विझते, विडी विझते. दिवा मात्र मालवतो, निमतो, शांत होतो. आपण त्याला निरोप देतो किंवा वाढवतो. हे 'वाढवणे' आणखी कुठं येतं बघा. बांगडी वाढवली, मंगळसूत्र वाढवलं, नारळ वाढवला. ज्याचं मोडणं, संपणं तोंडानं उच्चारायचं नाही, त्या पंक्तीला आपण दिव्याला बसवलंय. भांड्याकुंड्यांच्या, सामानसुमानाच्या पंक्तीला नाही. तुपाचा दिवा उजवीकडे की डावीकडे, वातीचं तोंड पूर्वेला की उत्तरेला, यावर लोक तासन् तास वाद घालतात. घालू द्या. मला या क्रियापदात जास्त सापडतं.

पूजेत बघा. देवाला हात लावण्याआधी गुरुजी कलश, शंख, घंटा आणि दीप पूजून घेतात. दिव्याला गंध-फूल वाहताना म्हणतात, "भो दीप देवरूपस्त्वं कर्मसाक्षी ह्यविघ्नकृत्, यावत्कर्मसमाप्तिः स्यात् तावत्त्वं सुस्थिरो भव." बाबा रे, या कर्माचा तू साक्षीदार आहेस, काम उरकेपर्यंत नीट टिकून राहा. काय मागितलं? संपत्ती नाही, मोक्षही नाही. बघत राहा, एवढंच.

साक्षी हा शब्द आपल्याकडे कोर्टातही चालतो आणि वेदांतातही. विद्यारण्यांच्या पंचदशी या वेदांतग्रंथात 'नाटकदीप' नावाचं एक प्रकरणच आहे. नाट्यशाळेतला दिवा यजमानावर, बसलेल्या लोकांवर आणि नाचणारीवर सारखाच उजेड टाकतो. कोण चांगलं नाचलं, कोण चुकलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सगळे उठून गेले तरी तो रिकाम्या जागेवर तसाच उजळत असतो. आपल्या आतला जो पाहणारा, तो असा, असं ते सांगतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नाट्यशाळा दिसलीच नाही. दिसला आमच्या दारातला गोंधळ. संबळ, तुणतुणं, आणि एका हातात पाजळलेली दिवटी, दुसऱ्या हातात तेलाची बुधली. उजेड गोंधळ्याच्या तोंडावर, यजमानाच्या फेट्यावर आणि ओट्यावर पेंगणाऱ्या पोरांवर. विद्यारण्यांचं प्रकरण आमच्या अंगणात दर लग्नाला वाचलं जात होतं म्हणायचं. फक्त आम्ही पेंगत होतो.

आता नेहमीचा अर्थ. तेल म्हणजे वासना, वात म्हणजे अहंकार, ज्योत म्हणजे ज्ञान. हे कीर्तनात तुम्ही शंभरदा ऐकलंय, मीही पोरांना शिकवलंय. पण खरं सांगतो, बरीच वर्षं मला हे ओढूनताणून आणलेलं वाटायचं. कुणीतरी बसून तीन वस्तू आणि तीन शब्द जुळवलेले. मग एकदा आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला दिव्यासमोर बसवलं. म्हणाले, नीट बघा, वात जळत नाही. सुताच्या बारीक फटींतून तेल आपोआप वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. तेल आहे तोवर वातीचं नुसतं टोक काळं होतं. तेल संपलं की मग वात पेटते आणि जळून जाते. मी बघतच राहिलो. वासना संपेपर्यंत अहंकाराला धक्का लागत नाही, ती संपली की तोही राहत नाही! रूपक करणाऱ्यानं आधी रात्रभर दिव्यापाशी जागून काढली असणार.

आणि हे तेल, ही वात आपल्याला काही लांबून आणायची नव्हती. मराठवाडा म्हणजे कापसाचा आणि करडईचा मुलूख. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचा एक वाण काढला, त्याचं नावच 'परभणी कुसुम'. घाण्यावरचं करडईचं तेल भाजीलाही तेच आणि देवालाही तेच. वेचणीचा चार बोंडं कापूस आज्जी बाजूला ठेवायची, सरकी काढायची, आणि दुपारी मांडीवर वाती वळायची. पणती कुंभाराची. आता करडईच्या जागी सोयाबीन आलं, वातींचं पाकीट दुकानातून येतं आणि बाटलीवर लिहिलेलं असतं, 'फक्त पूजेसाठी, खाण्यास अयोग्य'. जे आपण खाऊ शकत नाही ते देवापुढं जाळायचं, हे आज्जीला पटवून दाखवा!

समई या शब्दाचीही एक गंमत. सोवळ्यातली समई, तिला शिवायचं नाही, ओलांडायचं नाही. शब्दकोश मात्र तिला अरबी-फारसी 'शमा'पाशी नेऊन ठेवतात. आपण निजामाच्या राज्यात राहिलेली माणसं, आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही.

दुसरा शब्द, वात. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या मनाला उपमा दिली आहे, "यथा दीपो निवातस्थो नेङ्गते". वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा जसा हलत नाही, तसं. संस्कृतात वात म्हणजे वारा, दिव्याचा वैरी. मराठीत वात म्हणजे दिव्याचा जीव. ती आली 'वर्ति'पासून. दोन शब्द वेगळ्या वाटांनी आले आणि एकाच रूपात येऊन बसले. मला ही चूक वाटत नाही, सोय वाटते. कारण सगळा वारा बंद करून बघा, दिव्यावर घट्ट झाकण ठेवा. क्षणभरात जाईल. गीतेतला निवात म्हणजे झाकण नव्हे. तो आडोसा आहे, दिवळीसारखा. तीन बाजूंनी भिंत, एक बाजू उघडी.

पण आपल्या मुलखात याच्या अगदी उलट दिवाही आहे. तुळजापूरला आराधी, म्हणजे तुळजाभवानीचा भक्त, पोत घेऊन निघतो, तेव्हा आडोसा कुठला? चिंध्यांचा पीळ, तेलात भिजवलेला, भडभड पेटलेला. गळ्यात कवड्यांची माळ, "आई राजा उदो उदो", आणि वाऱ्यात ती ज्वाळा नाचते. घटस्थापनेच्या तोंडावर गावोगावची पोरं तुळजापूरहून ज्योत आणतात. पळत आणतात, आळीपाळीनं, रात्रभर, पावसात, ट्रकच्या उजेडाला तोंड देत. मागून एखादा टेम्पो, त्यात तेलाचा डबा. कुणाचे पाय फुटतात. पण ज्योत खाली ठेवायची नाही. योग्याचा दिवा हलत नाही, आमच्या आईचा दिवा थांबत नाही. शास्त्री मंडळींना विचारलं तर ते पोताला लोकाचार म्हणतील आणि समईला उपासना. मी दोन्हींत फरक करत नाही. चार तास ज्योत हातात धरून पळालेल्या पोराला एकाग्रता कशाला म्हणतात ते मी काय शिकवणार?

आपल्याच मुलखात, अजिंठ्याला, सव्वीस नंबरच्या लेण्यात तथागतांची सुमारे सात मीटर लांबीची आडवी मूर्ती आहे, महापरिनिर्वाणाची. निर्वाण या शब्दाचा मूळ अर्थच मुळी दिवा मालवणं. तेल संपलं, वात संपली, ज्योत राहिली नाही. आज्जी जो शब्द तोंडी येऊ देत नव्हती, त्यालाच भिक्खूंनी सगळ्यात मोठी शांती म्हटलं. पण एक बघा, आज्जीनंही 'शांत झाला' असंच म्हणायला शिकवलं होतं मला.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला जमीन हलली, तेव्हा त्याच जाड दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांच्या अंगावर आल्या. हजारो माणसं गेली. आमच्या एका नातेवाइकांच्या नव्या घरी नंतर गेलो होतो. भिंती बारक्या, नीट उभ्या, आणि त्याच बऱ्या. संध्याकाळी म्हातारीनं दिवा लावला आणि तो हातात धरून ती उभीच राहिली. कुठं ठेवावा कळेना. दिवळीच नव्हती. शेवटी तिनं तो पिठाच्या डब्यावर ठेवला, वाऱ्याच्या बाजूनं एक ताट उभं केलं आणि हात जोडले.

बरं, आत कणकेचे दिवे उकडून झालेत, वास येतोय. गूळ घातलेत. आधी लावायचे, मग ओवाळायचे आणि मग तूप घालून खायचे. वात काढून ठेवायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो.