निवळलेलं पाणी

[दृश्य: पांढऱ्या कागदासमोर दोन काचनळ्या]

डाव्या नळीत विहिरीचं पाणी आहे. उजवीत हाकेच्या अंतरावरच्या हातपंपाचं. दोन्हींत झिर्कोनियम-अलिझरीनचे, म्हणजे फ्लोराईड तपासणाऱ्या रंगाचे, सारखेच थेंब टाकलेत. डावीकडचा गुलाबी रंग टिकून आहे, उजवीकडचा पिवळ्याकडे सरकतोय. जितका पिवळा, तितकं फ्लोराईड जास्त.

[दृश्य: हातपंप, भरत चाललेली घागर]

एकाच गावच्या पाण्यात एवढा फरक पडतो तो खोलीमुळे. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं खडकाच्या भेगांत राहिलेलं असतं. अभ्रक, ॲपेटाइट, फ्लोराइट या खनिजांतून फ्लोराईड त्यात उतरतं. त्यातून पाणी सोड्याचं असलं आणि कॅल्शियम कमी असलं, तर त्याला खाली बसवणारंच काही उरत नाही. उथळ विहिरीत दर पावसाळ्यात नवं पाणी येतं. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या अनेक गावांत, खाली नांदेडच्या किनवटकडेही, विहिरी मागे पडल्या आणि बोअर खोल गेले. जिथं जुनी विहीर तपासणीत चांगली निघते, तिथं ती उपसून, कठडा बांधून, क्लोरीन टाकून वापरात आणणं हा पुढच्या सगळ्या खटाटोपापेक्षा सोपा मार्ग आहे.

[दृश्य: जगाचा नकाशा]

अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरानं 25 जानेवारी 1945 रोजी नळाच्या पाण्यात फ्लोराईड मिसळायला सुरुवात केली. मुलांचे दात किडू नयेत, हा हेतू. तिथली आजची शिफारस लिटरला 0.7 मिलिग्रॅम आहे. मिसळावं की नाही, यावर वाद चालूच आहे. 2025 मध्ये युटा राज्यानं बंदी घातली. त्याच वर्षी कॅनडातल्या कॅल्गरीनं, 2011 साली थांबवलेलं मिसळणं पुन्हा सुरू केलं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. या हातपंपावर ती ओलांडलेली आहे. इथं काम आहे ते काढण्याचं.

[दृश्य: शाळेतली मुलं, दात जवळून; मग अंगणात उभी माणसं]

जास्त फ्लोराईडची खूण ही: दातांवर आडवे पिवळे-तपकिरी पट्टे, दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे. घासून ते जात नाहीत, कारण दात हिरडीत घडत असतानाच ते उमटलेत. मोठ्यांची हाडं-सांधे आखडलेत का, हे बघायला तीन साध्या चाचण्या: गुडघे न वाकवता पायाची बोटं धरा, हनुवटी छातीला टेकवा, हात पसरून मग डोक्यामागे न्या. हाडांत बसलेलं दुखणं माघारी फिरत नाही.

[दृश्य: ओसरीवर तोटीची बादली, तुरटी, चुना, मापाचा पेला]

ही फ्लोराईड काढायची नलगोंडा पद्धत. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं 1970च्या दशकात विकसित केलेली. लागते ती 40 लिटरची झाकणाची प्लास्टिकची बादली. तोटी तळापासून 5 सेंटिमीटर वर बसवायची, म्हणजे गाळ खालीच राहतो.

आधी तुरटीचं द्रावण करून ठेवायचं. 1 किलो तुरटी कुटून पाण्यात विरघळवायची आणि एकूण 10 लिटर करायचं. आता 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम तुरटी आहे. मात्रा अंदाजानं ठरत नाही. पाण्यातलं फ्लोराईड आणि पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल शमवण्याची ताकद, असे दोन आकडे मोजून या पद्धतीच्या तक्त्यात बघावं लागतं. समजा तक्त्यानं लिटरला 500 मिलिग्रॅम सांगितलं. 40 लिटरला तुरटी झाली 20 ग्रॅम, म्हणजे 200 मिलिलिटर द्रावण. चुना तुरटीच्या विसाव्या हिश्श्यानं: 1 ग्रॅम.

क्रम सांभाळा. चुना आणि ब्लिचिंग पावडर आधी टाकून नीट ढवळा. ब्लिचिंग जंतूंसाठी आहे, फ्लोराईडशी तिचा संबंध नाही. मग तुरटीचं द्रावण. आता 10 मिनिटं सावकाश ढवळत राहा.

[दृश्य: बादलीत तयार होणारे पांढरे पुंजके, जवळून]

हे कापसासारखे पुंजके म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. फ्लोराईड यांनाच धरून खाली बसतं. घाईनं घुसळलं की पुंजके फुटतात आणि तासभर थांबूनही तळाशी जात नाहीत. बादली हलवायची नाही. एक तासानं तोटी सोडायची, पहिलं गढूळ पाणी आलं तर ते बाजूला काढायचं.

चुका बहुतेक मात्रेच्या होतात. तुरटी कमी पडली तरी पाणी निवळतं, पण फ्लोराईड आत राहतं. जास्त झाली तर पाणी तुरट लागतं, आम्लता वाढते, ॲल्युमिनियम पाण्यात उतरतं. चुना विसरला तरी तेच. माठात तुरटीचा खडा दोनदा फिरवणं म्हणजे गढूळपणा घालवणं, तेवढ्यानं फ्लोराईड निघत नाही. उकळल्यानं तर ते आणखी दाट होतं. कँडल फिल्टर आणि यूव्ही दिव्याचाही याला उपयोग नाही.

गाळात फ्लोराईड साठलेलं असतं. तो गुरांच्या हौदापासून आणि विहिरीपासून लांब, खड्ड्यात टाकायचा.

[दृश्य: प्रयोगशाळा, मीटर]

सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट ही. प्रक्रिया केलेलं पाणी पुन्हा त्याच रंगाच्या किटनं तपासलं जातं आणि सगळे निर्धास्त होतात. पण पाण्यात उरलेलं ॲल्युमिनियम फ्लोराईडला बांधून ठेवतं, त्यामुळे किट खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रोडच्या चाचणीत आधी एक बफर, म्हणजे खास द्रावण, मिसळतात. तो ॲल्युमिनियमला अडकवून फ्लोराईड मोकळं करतो आणि मीटरवर खरा आकडा येतो. म्हणून बोअरच्या पाण्यासाठी किट चालेल, बादलीतल्या पाण्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

[दृश्य: बाटलीवर लिहिणारा हात]

नमुना काचेच्या नव्हे, प्लास्टिकच्या बाटलीत. त्याच पाण्यानं ती तीनदा विसळायची. चिठ्ठीवर स्रोत, तारीख, प्रक्रियेआधीचं की नंतरचं, आणि टाकलेली तुरटी मिलिलिटरमध्ये. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर बोअरचं पाणी बदलतं, तेव्हा दोन्ही वेळा नवी बाटली.