तळ्याकाठचं जुनं घर आणि भिंतीतली ओल

भिंतीच्या पायथ्याशी हे जे पांढरं पांढरं दिसतंय, बोट लावलं की भुरभुर गळतंय, तो लोणा. जमिनीतलं पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं, मग पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवरच राहतात. तळ्याकाठी जमिनीखालचं पाणी बऱ्याचदा जवळच असतं आणि जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर सहसा नसतोच.

आता हा फॉइलचा तुकडा बघा. चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक-दोन दिवस ठेवायचा. खोलीकडच्या बाजूला पाणी आलं तर हवा दमट आहे, मागची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. इथे मागची ओली निघाली. हवेतली ओल काढणारं मशीन, म्हणजे डीह्युमिडिफायर, घ्यायच्या आधी हे करा, प्लीज.

कारण भिंत ओली दिसली की लोक सिमेंटचं प्लास्टर मारतात, वर प्लास्टिक पेंट, आणि दोन्ही मिळून भिंतीचा श्वासच बंद करतात, मग आतलं पाणी वाट शोधत आणखी वर चढतं आणि पोपडे हातभर वर दिसायला लागतात. इथे तेच खरवडून काढणं चाललंय. खाली जुना चुना दिसतोय, तो ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. म्हणून नवा गिलावाही चुन्याचाच, पातळ थरांत, प्रत्येक थराला पुरेसा वेळ देऊन, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, घाई केली की तडे जातात. बाहेर पागोळ्यांचं पाणी पायापासून लांब नेणारी ही पन्हळ आणि उतार, हे आधी झालं, तेही बरोबरच.

राहिली हवा. बाहेर ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर तीच हवा साधारण २१ अंशांच्या थंड भिंतीला लागली की पाणी सुटतं. म्हणजे दमट दुपारी खिडक्या उघडून घर सुकत नाही, उलट ओलं होतं. बुरशी, धुळीतले किडे, दम्याचा त्रास, सगळं यातूनच वाढतं.

घरातली आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरवर आकडा ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनची हवा थेट बाहेर सोडायची, माळ्यावर नाही, आणि तरीही आकडा ६०च्या वर राहिला तर दारं-खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर लावायचा. फक्त ३०च्या खाली जाऊ देऊ नका, जुनं लाकूड तडकतं.