शिंगाची मूठ आणि तिची टोपी

मंडळी, आपल्या खानदेशात साबरशिंगाचा, म्हणजे सांबराच्या शिंगाचा, तुकडा पूर्वी घरोघरी असायचा. बरगडी धरली, छाती भरली की म्हातारी माणसं तो सहाणेवर उगाळून लेप लावायची. मी आज त्याच शिंगाविषयी बोलणार आहे, पण औषध म्हणून नाही. त्यापासून टोचा, आरी, सुरीची मूठ कशी होते आणि त्या मुठीच्या टोकाला टोपी का बसवतात, हे मला सांगायचंय. लोक टोपीवरची नक्षी बघतात आणि पुढे जातात. मला विचाराल तर टोपी नसलेली शिंगाची मूठ अर्धवट सोडलेलं काम आहे.

त्यासाठी आधी शिंगाच्या आत डोकवावं लागेल. सांबराचं, चितळाचं शिंग हे अस्सल हाड. ते नव्यानं फुटतं तेव्हा त्यावर मखमलीसारखी कातडी असते, तिच्यातून रक्त खेळतं. वाढ पुरी झाली की कातडी सुकते, नर ती झाडाझुडपांवर घासून काढतो, आणि पुढे शिंगच गळून पडतं. म्हशीचं, काळविटाचं, आपल्या शेतात शिरणाऱ्या रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, तसं नसतं. त्यात हाडाचा खुंट आणि वर नखाच्या जातीचं कवच असतं, आणि ते जन्मभर डोक्यावर राहतं. ते कवच तापवलं की मऊ होतं, दाबून वळवता येतं. सांबरशिंग तापवलं तर वळणार नाही, करपेल.

आता सांबरशिंग आडवं कापलंय असं समजा. बाहेरून घट्ट हाडाचं कडं आणि मधे जाळीदार, भुसभुशीत गाभा. टोकाकडे जावं तसा गाभा कमी होत जातो, शेवटची बोटभर लांबी जवळपास भरीव. बुंध्याशी खडबडीत कडं असतं, तेही चांगलं घट्ट. सगळी कारागिरी या रचनेवर उभी आहे. टोकाचा टोचा करायचा, बुंध्याचा हातोडा, मधल्या भागाची मूठ. शिवाय पायाच्या हाडापेक्षा यात खनिज कमी आणि चिवट तंतू जास्त, म्हणून ठोका बसला तरी ते सहसा तडकत नाही. इंग्लंडमध्ये ग्राइम्स ग्रेव्ह्‌ज इथं साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी गारेच्या, म्हणजे चकमकीच्या दगडाच्या, खाणी खोदल्या त्या लाल हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी. त्याच देशात स्टार कार इथं 1949 ते 1951 च्या उत्खननात शिंगाची जवळजवळ 200 दातेरी टोकं मिळाली. शिंगावर गारेच्या हत्यारानं दोन समांतर खोल चरे पाडायचे आणि मधली चीप उचकटून काढायची, अशी ती टोकं काढायची पद्धत होती. शिंग पाण्यात भिजत घातलं की चरे पाडायला सोपं जातं.

आपला मुलूखही या बाबतीत मागं नाही. साक्री तालुक्यातल्या कवठे इथं, चार हजार वर्षांपूर्वीच्या सावळदा संस्कृतीच्या, म्हणजे तापीकाठच्या जुन्या शेतकऱ्यांच्या, वस्तीत, हाडाची टोकदार हत्यारं सापडली. आणि चाळीसगावजवळच्या पाटण्याला पुरातत्त्वज्ञ डॉ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं कोरीव कवच मिळालं, ते सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचं. त्या कवचावर कुणीतरी बसून रेघांची नक्षी कोरली होती. पाटण्याचं नाव आपल्या किती पोरांना माहीत आहे? मला याचं फार वाईट वाटतं.

मुठीकडे येऊ. शिंगाचा वीतभर तुकडा कापला की दोन्ही तोंडांना जाळी उघडी पडते. पुढच्या तोंडातून पात्याची निमुळती शेपटी आत जाते. गाभा थोडा खरवडून काढतात, जुने कारागीर तिथं लाख आणि विटेची भुकटी वितळवून भरायचे, आता दोन नळ्यांतलं अराल्डाइट भरतात. ते तोंड असं बंद झालं. मागचं तोंड मात्र उघडंच. तिथून घाम, पाणी, तेल आत मुरतं, गाभा कुजतो, कडा झिजतात. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडी असते ना, लाकूड फुटू नये म्हणून? शिंगाच्या टोपीचं काम त्याच जातीचं, शिवाय ती आतला पोकळपणा झाकते.

टोपी बसवणं हे खरं कसबाचं काम. शिंगाचा काप कधीच गोल नसतो, एका बाजूला फुगलेला, दुसरीकडे चपटा. म्हणून कापाला काजळी लावून कागदावर ठसा घ्यायचा आणि त्याबरहुकूम पितळेचा पत्रा कापायचा. पत्रा लाल होईपर्यंत तापवून थंड केला की मऊ पडतो, मग ठोकून त्याला घुमट द्यायचा. ठोकता ठोकता तो पुन्हा कडक होतो, पुन्हा तापवायचा. नक्षी कोरायची ती बसवण्याआधी. आणि नुसत्या चिकटवणीवर भरवसा ठेवू नका. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्या कोरड्या उन्हात शिंग आकसतं, पावसाळ्यात फुगतं, पितळ मात्र ओलाव्याला दाद देत नाही. थोड्याच वर्षांत टोपी खुळखुळते. आरपार पितळेची खीळ घालून तिची दोन्ही टोकं ठोकून पसरवली तर हा त्रास राहत नाही. शिंग घासताना नाकातोंडाला फडकं बांधा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलतो. हे सांबरशिंगाचं काम परदेशात चालतं, आपल्याकडे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद आहे. यावलच्या किंवा गौताळ्याच्या जंगलात गळून पडलेलं शिंग दिसलं तरी उचलायचं नाही. ते तिथं वाया जात नाही. साळिंदरं ते कुरतडतात, हरणंही चघळतात, त्यातला चुना त्यांच्या अंगी लागतो. मला हा कायदा मनापासून पटतो.

आपल्या हाताशी म्हशीचं शिंग आहे. त्याचं टोक भरीव, काळंभोर, आणि घासल्यावर आरशासारखं चमकतं. बाभळीच्या मुठीला त्याची टोपी करा. टोकाचा दोन बोटं तुकडा कापा, खालची बाजू कानशीनं सपाट करा, मुठीवर ठेवून उजेडाकडे धरा आणि फट दिसेनाशी होईपर्यंत घासत राहा. मग भोक पाडून खीळ. भोक सावकाश पाडा, गिरमिट तापलं की शिंग जळून भोक वाकडं जातं. नमुने मी या टेबलावर ठेवलेत, पुढे या, हातात घेऊन बघा. ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांनी कानस उचला, म्हशीची शिंगं भरपूर आणली आहेत.