सायकलची जुनी हत्यारं : जमवायची आणि वापरायची

नमस्कार मंडळी. आज सायकलींबद्दल कमी बोलणार आहे आणि सायकल ज्यांनी खोलतात त्या हत्यारांबद्दल जास्त. जुन्या सायकलींचे शौकीन आता भरपूर आहेत, पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं म्युझियम आहे, नसेल बघितलं तर जरूर बघा. पण सायकल जपणाऱ्यांच्या मानाने तिचे पाने, चाव्या, पंच जपणारे फारच थोडे, आणि जे जपतात त्यातले बरेच जण ते घासूनपुसून काचेच्या कपाटात लावतात. मला तेच पटत नाही. पाना म्हणजे कुठल्यातरी नटासाठी केलेली वस्तू आहे, तो त्या नटावर बसवून फिरवला नाही तर तो काय आहे हे कळणारच नाही तुम्हाला.

आता जुना बाजारात, म्हणजे मंगळवार पेठेतल्या, बुधवारी आणि रविवारी भरतो त्या, एखाद्या ढिगात हमखास एक पाना सापडतो ज्याच्यावर 1/4 W असं कोरलेलं असतं. नवीन पोरगा फूटपट्टी लावून बघतो तर तोंड पाव इंचाचं नसतंच, चांगलं अर्ध्या इंचाच्या वर असतं, मग त्याला वाटतं छपाई चुकली. छपाई चुकलेली नाही. ही व्हिटवर्थची जुनी इंग्लिश पद्धत, यात आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंची बोल्टवर जो नट बसतो त्याला लागणारा पाना, म्हणजे तोंड सव्वातेरा मिलिमीटरच्या आसपास. म्हणून अशा नटाला तेराचा पाना जातच नाही आणि चौदाचा सैल बसतो, जोर लावला की नटाचे कोपरे गोल झालेच म्हणून समजा. आपल्याकडे मेट्रिक मापं 1956 च्या कायद्यानंतर हळूहळू आली, पण सायकलीचे आटे इंग्लंडहून आलेले होते ते तसेच राहिले, पुढच्या एक्सलला 5/16 इंच आणि मागच्याला 3/8, दोन्हीला इंचाला 26 आटे. किती रॅले, हंबर, हर्क्युलिसचे नट चुकीच्या पान्याने खराब झालेत! योग्य पाना हातात असता तर ते अजून शंभर वर्षं चालले असते.

आणि हे फक्त विलायती सायकलींपुरतं नाही हं. वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता, आसनसोलला सेन-रॅले, 1980 साली या दोन्ही कंपन्यांचं एकाच कायद्याने राष्ट्रीयीकरण झालं. मद्रासकडे टीआय, सोनीपतला अ‍ॅटलस, लुधियानाला हीरो. त्या काळात सायकलबरोबर सीटमागे चामड्याची छोटी पिशवी यायची, तिच्यात एक चपटा पाना, ज्याला चार-सहा तऱ्हेची तोंडं, सोबत टायर काढायच्या पट्ट्या. ती पिशवी मिळाली तर सोडू नका, पाना एकटा मिळाला तरी चालेल.

आता कॉटर पिनकडे येतो, कारण माझ्या मते जुन्या सायकलीचं सगळं ज्ञान या एका पिनेत आहे. काळ्या साध्या सायकलीला क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, मधल्या एक्सलवर पाचरीसारख्या पिनेने बसवलेला असतो, पिनेची एक बाजू तिरपी सपाट आणि टोकाला नट. लोक काय करतात, नट आवळून पिन आत खेचायला बघतात, त्याने आटे जातात. नटाचं काम पिन धरून ठेवणं एवढंच, बसवायची हातोडीने. काढताना आदल्या रात्री रॉकेल किंवा पातळ तेल सोडून ठेवायचं, सकाळी नट पूर्ण न काढता पिनेच्या टोकाशी बरोबरीला येईल इतकाच सैल करायचा म्हणजे घाव आट्यांवर पडत नाही, क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवायचा म्हणजे मार छर्ऱ्यांवर आणि कपवर जात नाही, आणि मग एकच खणखणीत घाव. दहा हलके घाव मारले तर पिन वाकते आणि मग ड्रिल आणायची वेळ येते. बसवताना पिनेचा उतार कानशीने थोडा थोडा घासून जुळवायचा, दोन्ही बाजूच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येणारच नाहीत. हातोडीचा आवाज बदलला की पिन बसली, हा आवाज जुने मिस्त्री लांबून ओळखतात. पिनेची जाडीही बघून घ्यायची, बऱ्याच इंग्लिश सायकलींना साडेनऊ मिलिमीटर लागते, फ्रेंच बनावटीत नऊची असते, अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही पण क्रँकला लगेच कळतो.

याच कामासाठी कॉटर प्रेस म्हणून एक सुंदर हत्यार आहे, सी आकाराचा जाड शिकंजा, स्क्रू फिरवला की पिन न ठोकता दाबून बाहेर. फ्रान्सच्या वार कंपनीने फार छान बनवले होते. आपल्याकडे दुकानात क्वचितच दिसतो, आपल्या मिस्त्रींनी सगळं हातोडी आणि नळीवर निभावलं, आणि उत्तम निभावलं.

आता मला जे सगळ्यात मोलाचं वाटतं ते सांगतो. कंपनीचा शिक्का असलेला पाना आज ना उद्या इंटरनेटवर कुठेतरी मिळेल, किंग डिकचा बुलडॉगवाला पाना इंग्लंडहून मागवता येईल. पण मिस्त्रीने स्वतः बनवलेलं हत्यार जगात एकच असतं. नळीच्या तुकड्याला कानशीने दोन दात काढून केलेला फ्रीव्हील खोलायचा ओपनर, ट्रकच्या पाट्यातून कापलेला बीबीच्या, म्हणजे क्रँकचा एक्सल जिथे फिरतो त्या मधल्या भागाच्या, रिंगचा आकडीवाला पाना, चेनची दोन टोकं जवळ धरून ठेवायला जुनी स्पोक वाकवून केलेला हूक, तुटलेल्या एक्सलचा पंच. यांच्यावर नाव नसतं, म्हणून दुकान बंद झालं की ही सगळी भंगारात किलोवर जातात. माझी कळकळीची विनंती आहे, दुकान बंद होताना बोर्ड आणि पंप मागू नका, डब्याच्या तळाशी पडलेली ही काळी हत्यारं मागा, आणि देणारा माणूस समोर असेपर्यंत त्याला विचारा हे कशाला केलं, कुठला हात कुठे धरायचा, आणि जमलं तर त्याच्याच हाताने एकदा वापरून दाखवायला सांगा, मोबाईलवर व्हिडिओ काढा, कारण हत्यार मिळालं आणि वापरायची रीत गेली तर तुमच्याकडे लोखंडाचा तुकडा उरला फक्त.

आपल्याकडे सायकल दुरुस्तीतून काय उभं राहू शकतं याचं मोठं उदाहरण आहे. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तिथून लोखंडी नांगर, मग 1910 ला किर्लोस्करवाडी. हाताला लोखंडाची ओळख होते ती अशाच कामातून.

चाकाचा आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढणं हेही असंच. जुन्या काळ्या सायकलीला पुढे 32 आणि मागे 40 स्पोक, मागे जास्त कारण सगळं वजन तिथे, दुधाचे कॅन, गव्हाचं पोतं, माणसं. मिस्त्री सायकल उलटी ठेवतो, फोर्कला टेकवून खडू धरतो, चाक फिरवलं की जिथे खडूची रेघ उमटली तिथे रिम बाहेर, मग गोल चावीने तिथली एका बाजूची तार पाव फेरा कसायची आणि शेजारची विरुद्ध बाजूची तेवढीच सैल सोडायची. जुनी चावी घेताना मात्र एक करा, नवीन निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाचा छोटा नट, खिशात ठेवा आणि तिथेच घालून बघा. खाच झिजलेली असेल तर शोभेला ठेवा, वापरू नका, निपल खाईल ती.

साफसफाईचं थोडक्यात सांगतो. ग्राइंडर लावू नका, त्याने कोरलेली अक्षरं जातात आणि धार निळी पडली की तापून पाणी उतरलं, पंच मऊ होतो. गॅसवर तर अजिबात तापवू नका. गंज फार असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर, मग सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडं करून तेलाचा हात. मुठीच्या जागी जी गुळगुळीत काळी चकाकी असते ती मात्र घासू नका, ती कुणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या कामाची आहे.

आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका, पायडल कुठलंही असो, बसवताना पाना वरून सायकलच्या पुढच्या दिशेला फिरवायचा.

समोर टेबलावर सगळं मांडलंय, हात लावून बघा. एक जुना क्रँकही आणलाय, पिन कालपासून तेलात आहे. दोघं जण पुढे या, एकाने नळी खाली धरायची आणि दुसऱ्याने घाव घालायचा.