हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असं कोण म्हणालं?

नमस्कार मंडळी! बारावीचा निकाल लागला की माझा इनबॉक्स नुसता भरून जातो, पोराच्या कॉलेजसाठी एफडी मोडू की लोन काढू. बेसिक पटापट सांगतो. आपल्या गोव्यातच फर्मागुडीच्या कॉलेजात इंजिनीअरिंग मिळालं, घरून बसने ये-जा, तर बऱ्याच घरांत पगारातून भागतं. पुणे-बंगळुरू, होस्टेल आलं की लोनचा विषय निघतो. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. झालं.

आता मोरेटोरियम. कोर्स संपेपर्यंत आणि वर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. हप्ता नसतो हां, व्याज चालूच असतं! चवथीला आमच्या डिचोलीच्या मामाकडे सगळे जमलेले, मामा म्हणतो, "पाच वर्षं फुकट रे!" मी तिथंच नेवऱ्यांचं ताट बाजूला सारून हिशोब मांडला. चार वर्षांच्या कोर्ससाठी सात लाखांचं लोन, दर वर्षाच्या सुरुवातीला पावणेदोन लाख उचलले, व्याज १० टक्के धरा. पहिल्या वर्षी साडेसतरा हजार, मग पस्तीस, साडेबावन्न, सत्तर, आणि नोकरी शोधायच्या वर्षात परत सत्तर. साध्या व्याजानेच दोन लाख पंचेचाळीस हजार! मामी म्हणाली, "म्हणजे पोरगा पहिला पगार घ्यायच्या आधीच कर्ज साडेनऊ लाखांच्या घरात?" हो मामी, तेच तर सांगतोय.

म्हणून पहिल्या वर्षापासून निदान व्याज तरी भरा. महिन्याला दीड हजाराच्या आत सुरू होतं, शेवटी सहा हजारांच्या आत. एवढं जमत नसेल तर कॉलेज निवडतानाच घरी बसून बोला, मुलाला समोर बसवून, कारण फेडायचं शेवटी त्यालाच आहे.

एकाने कमेंट केलीय, "कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, तारण ठेवू, काय टेन्शन?" अरे बाबा, फॉर्म वन अँड फोर्टीन, म्हणजे आपला जमिनीचा उतारा, काढून बघ, आजोबांच्या भावंडांपासून नावं असतात. आणि जमीन तुझ्या एकट्याच्या नावावर असली तरी आपल्या गोव्याच्या कायद्यात नवरा-बायको दोघांची सही लागते. त्या सह्या जमवेपर्यंत ॲडमिशनची तारीख जाते.

बँकेत जायच्या आधी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना बघा, नियम नि मर्यादा यंदाच्या वाचा. ती बसली तर वरचं अर्धं भाषण तुमच्यासाठी नव्हतंच.